कोल्हापूर ते जर्मनी: ऑर्डर आहेत, मशीन भरलेली आहेत, तरी एक्स्पोर्टमध्ये पैसे का उरत नाहीत?

शिरोली_मशीनशॉप

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण आकडे दिल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

फौंड्री आणि मशीनशॉप एकाच आवारात. एसजी आयर्नचं (चिवट बिडाचं) हायड्रॉलिक हाउसिंग, ५००-७ ग्रेड, मशीनिंगनंतर वजन ३.२ किलो, मुख्य बोअर (आतलं गोल भोक) ८० मिमी, एच७ टॉलरन्स, लीक टेस्ट शंभर टक्के. जर्मनीतल्या एका ग्राहकाला आठवड्याला १,२०० नग जातात. दर ११ युरो, आणि माल त्यांच्या कारखान्याजवळच्या गोदामापर्यंत पोचवण्याचा खर्च आपला. गोदामातून ते लागेल तसा उचलतात.

कारखान्यातले आकडे चांगले आहेत. मशीनिंग रिजेक्शन २ टक्क्यांच्या आत, ओईई (मशीनचा प्रत्यक्ष उपयोग) ७५ टक्क्यांच्या आसपास, वेळेवर डिस्पॅच ९६ टक्के. ग्राहकाच्या स्कोअरकार्डवर मात्र डिलिव्हरी ८१ टक्के आणि पीपीएम (दहा लाख नगांमागे खराब नग) ७०० च्या वर. तक्रारी तीनच प्रकारच्या: लीक, बोअर अंडरसाइज आणि पावसाळ्यात गेलेल्या मालाला गंज. वर्षात तीनदा विमानाने माल पाठवावा लागला. असाच माल चाकणला दिला की ८ टक्के सुटतात, इथे वर्षाअखेर हातात काही राहत नाही. एक मत असं की दर वाढवून मागावा, दुसरं असं की नवीन एचएमसी (आडवं मशीनिंग सेंटर) घ्यावं. सुरुवात कुठून करावी?

बंदर_ते_गोदाम

नवीन मशीन आत्ता नको. दरही नंतर. आधी एक आकडा काढा: नग मशीनवरून उतरल्यापासून ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत मध्ये किती नग उभे असतात?

तयार मालात १ आठवडा, ट्रक, कस्टम्स आणि न्हावा शेवाचं गेट मिळून १, समुद्रात ५, तिकडचं बंदर ते गोदाम १, गोदामातला साठा २. एकूण १० आठवडे, म्हणजे १२,००० नग. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्राचा रस्ता सोडून बऱ्याच शिपिंग लाइन केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्या, तेव्हा यात दहा-पंधरा दिवसांची भर पडली. चाकणच्या मालाला हाच आकडा जेमतेम हजार-बाराशेचा असतो, आणि तिथे काही निघालं तर संध्याकाळी गाडीत दोन माणसं बसवून सॉर्टिंगला पाठवता येतात.

आता धरा, लीक टेस्टमध्ये काहीतरी बिघडलं आणि अर्धा टक्का खराब नग निसटायला लागले. पहिला खराब नग ग्राहकाच्या असेंब्लीवर सापडेल तेव्हा मागे १२,००० नग संशयित असतील. खराब त्यातले साठच, पण तपासावे लागणार बारा हजार. नगाला २ मिनिटं धरली तरी ४०० तास. तिथल्या सॉर्टिंग एजन्सीचा तासाचा दर ४० युरो धरला तर १६,००० युरो. तुमच्या नगावर ८ टक्क्यांनी ८८ सेंट सुटतात. म्हणजे एका घटनेत सव्वाअठरा हजार नगांचा, पंधरा आठवड्यांचा नफा गेला. विमानाचं गणितही करून बघा: १,२०० नग म्हणजे ३,८४० किलो, किलोला ३ युरो धरले तर ११,५२० युरो. मालाची किंमत १३,२००. तीनदा विमान म्हणजे वर्षाचा बराचसा नफा तिथेच संपला.

आणि हा खर्च तुमच्या रिजेक्शन रिपोर्टमध्ये दिसत नाही, हा खरा घोळ आहे. डेबिट नोट (ग्राहकाने बिलातून कापलेली रक्कम) आणि विमानभाडं अकाउंट्समध्ये विक्री-वितरण खर्चात जातात. शॉप फ्लोअरच्या महिन्याच्या मीटिंगला २ टक्के रिजेक्शनचा तक्ता लागतो आणि सगळ्यांना वाटतं कारखाना उत्तम चाललाय. हे दोन्ही खर्च पार्ट नंबरप्रमाणे काढून त्याच तक्त्यात, त्याच पानावर लावा. पहिलं काम हे, आणि याला पैसे लागत नाहीत.

ओईईबद्दल एक सांगतो. ते मशीनचं माप आहे. परदेशात तुमची किंमत दोन गोष्टींवर ठरते: चूक घडल्यापासून ती सापडेपर्यंत किती नग पुढे गेले आणि माल पोचायला लागणारा वेळ किती खालीवर होतो. दोन्ही गोष्टी ओईईत येत नाहीत.

हीटनंबर

वरचं गणित पटलं. त्यात एक जोडतो: १२,००० चा आकडा कमी करता आला नाही तरी संशयित नगांचा आकडा कमी करता येतो. त्यासाठी मागोवा पक्का हवा. कास्टिंगवर हीट कोड (भट्टीतल्या कोणत्या वितळणीचा) आणि कॅव्हिटी नंबर (साच्यातल्या कोणत्या पोकळीचा), मशीनिंगनंतर डॉट पीनने (ठिपके ठोकणाऱ्या मशीनने) तारीख, शिफ्ट आणि लीक टेस्ट बेंचचा नंबर, आणि कोणत्या बॉक्समध्ये कोणते नग व कोणत्या कंटेनरमध्ये कोणते बॉक्स ही नोंद. तक्रार आल्यावर ‘१४ तारखेची दुसरी शिफ्ट, बेंच २, कॅव्हिटी ३, बॉक्स ४१ ते ४६’ असं चोवीस तासांत सांगता आलं तर सॉर्टिंग बारा हजारांचं न होता तीनशे नगांचं होतं. बहुतेक ठिकाणी हीट कोड असतो, पण मशीनशॉपमध्ये ट्रॉल्या मिसळतात आणि साखळी तिथे तुटते. एका ट्रॉलीत एकच हीट, हा नियम मोडू देऊ नका.

आता लीक. मुळात जा. पोरोसिटी (धातूतली बारीक छिद्रं) कातड्याखाली असते, मशीनिंगने उघडी पडते. फौंड्रीच्या कागदावर कास्टिंग ओके असतं आणि मशीनशॉप बोंब मारतं. लीक रिजेक्शन कॅव्हिटीप्रमाणे लिहून काढा. चार कॅव्हिटींपैकी एकीतच साठ-सत्तर टक्के निघत असतील तर तो फीडिंगचा (गोठताना साच्याला जादा धातू पुरवण्याचा), रायझर नेकचा प्रश्न आहे. सगळ्यांत सारखे निघत असतील तर मेटलकडे बघा. मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर ८ ते १० मिनिटांत लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) रिकामं झालं पाहिजे. उशीर झाला की मॅग्नेशियम उतरतं आणि नोड्यूल (धातूतले ग्राफाइटचे गोळे) बिघडतात. मायक्रोचा (सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा) नमुना म्हणून पहिल्या मोल्डचा नग घेतात, तो नेहमी चांगलाच असतो. नमुना लॅडलच्या शेवटच्या मोल्डचा घ्या. तो पास झाला तर आधीचे सगळे पास. तो नापास झाला तर मागे जात जात कुठपर्यंत बिघाड आहे ते बघा. ट्रीटमेंटची वेळ आणि शेवटच्या मोल्डची वेळ घड्याळ बघून लिहायची, अंदाजाने नाही.

लीक टेस्ट बेंचवर दोन चुका सर्रास दिसतात. एक, वॉशिंग मशीनमधून निघालेला कोमट नग लगेच बेंचवर चढवणं. टेस्टची हवा खोलीच्या तापमानाची, नग ४५ अंशांवर. आत गेलेली हवा तापते, दाब वाढायला बघतो आणि खरी गळती झाकली जाते. खराब नग पास होतो तो असा. वॉशिंग आणि लीक टेस्टच्या मध्ये कूलिंग कन्व्हेयर किंवा किमान पंख्याखाली ठरावीक वेळ ठेवा आणि नगाचं तापमान खोलीच्या दोन-तीन अंशांत आल्याशिवाय टेस्ट नको. दुसरी चूक, शिफ्टच्या सुरुवातीला फक्त चांगला मास्टर (बेंच तपासायचा नमुना नग) लावून बघणं. कॅलिब्रेटेड लीकचा (मुद्दाम ठरावीक गळती ठेवलेला) मास्टरही लावा, शिफ्टच्या सुरुवातीला आणि शेवटी. शेवटी लावलेला मास्टर बेंचने पकडला नाही तर ती अख्खी शिफ्ट अडवा. माल अजून कारखान्यातच असतो, तेवढं एक बरं.

बोअर अंडरसाइज हाही तापमानाचाच मामला वाटतो. मापन २० अंशांवर धरलेलं असतं. मे महिन्यात शॉप फ्लोअर ३४ अंश. एसजी आयर्न मीटरला अंशामागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ८० मिमी बोअर १४ अंशांत जवळपास १३ मायक्रॉन मोठा दिसतो. एच७ ची टॉलरन्सच ३० मायक्रॉन. एअर गेजची (हवेने बोअर मोजणाऱ्या साधनाची) सेटिंग रिंग (झिरो करायची कडी) एसी खोलीतल्या कपाटातून आणून तशीच झिरो केली तर ऑपरेटर मधल्या मापाला धरून चालतो आणि नग जर्मनीत २० अंशांवर खालच्या मर्यादेला टेकतो. सेटिंग रिंग मशीनजवळ, नगाच्याच तापमानात ठेवा. शिवाय महिन्याला पाच नग नंबर टाकून तुमच्या आणि ग्राहकाच्या सीएमएमवर (त्रिमिती मोजमाप यंत्रावर) मोजा. फरक ३ मायक्रॉनच्या वर गेला तर आधी फिक्श्चर आणि प्रोब पॉइंटची जागा जुळवा, मग नगावर बोला.

पॅकिंग_खोली

गंजाचं मी लिहिते.

पहिलं गृहीतक सोडा की व्हीसीआय (वाफेने गंज रोखणारी) पिशवी घातली म्हणजे झालं. व्हीसीआय स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागावर काम करतं. घामाचा हात लागलेल्या नगावर बोटांच्या ठशांचाच गंज उठतो, तिकडच्या फोटोत ठसे मोजता येतात. शेवटच्या वॉशनंतर नायट्राइल हातमोज्यांशिवाय नगाला हात नाही.

मग पाणी. बोअरवेलच्या पाण्यावर कूलंट आणि वॉशिंग चालत असेल तर क्लोराइड तपासून घ्या; १०० पीपीएमच्या वर असेल तर शेवटच्या रिन्सला तरी आरओचं पाणी द्या. कूलंटचा पीएच ९ च्या जवळ असावा, ८.५ च्या खाली आला की गंज येणारच. रिफ्रॅक्टोमीटरचं (कूलंटची तीव्रता मोजणाऱ्या साधनाचं) रीडिंग कूलंटच्या फॅक्टरने गुणायचं असतं, ते कित्येक जण विसरतात आणि भलत्याच टक्केवारीवर मशीन चालवतात.

नग गार झाल्यावरच पिशवी बंद करा. जुलैत दमट हवेत कोमट नग पॅक केला की ती हवा पिशवीत अडकते आणि रात्री नग गार झाल्यावर आतल्या आत पाणी सुटतं. मशीनिंग ते पॅकिंग २४ तासांच्या आत, आणि पॅकिंगची खोली वेगळी, दार बंद. डिह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवली तर पावसाळ्यातल्या बऱ्याच तक्रारी थांबतात. नवीन एचएमसीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

थरांमध्ये साधा कोरुगेटेड पुठ्ठा घालू नका. तो ओल धरतो, त्यातले क्षार नगाला लागतात आणि नगाच्या तळाशी पुठ्ठ्याच्या रेघांसारखाच गंज दिसतो. व्हीसीआय पेपर किंवा प्लास्टिकचा सेपरेटर वापरा. व्हीसीआय स्रोतापासून प्रत्येक नग ३० सेंटिमीटरच्या आत असावा. उघडा रोल पॅकिंग टेबलावर महिनाभर पडला तर त्यातला दम जातो. वापर झाला की परत गुंडाळून ठेवायचा.

पॅलेटवर इथल्या लोकांचा एक गैरसमज असतो. आयएसपीएम १५ चा (निर्यातीच्या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का म्हणजे लाकूड कोरडं, असं नाही. ती ट्रीटमेंट किडीसाठी आहे: लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं. त्यानंतरही लाकूड ओलं असू शकतं, आणि पाच आठवड्यांत ती ओल कंटेनरच्या छताला जाऊन थेंबथेंब खाली पडते. मॉइश्चर मीटर घेऊन प्रत्येक लॉटमधली पाच-सात पॅलेट टोचून बघा. १८-२० टक्क्यांच्या वर असलेली परत पाठवा. कंटेनर भरण्याआधी आत उभं राहून दार लावून घ्या. कुठूनही उजेड दिसला तर तो कंटेनर नाकारा. कॅल्शियम क्लोराइडच्या डेसिकंट पट्ट्या भिंतीला लावा, पण त्या कंटेनरच्या हवेसाठी आहेत. फाटलेल्या पिशवीतला नग त्या वाचवू शकत नाहीत.

शिरोली_मशीनशॉप

सगळ्यांचे मनापासून आभार. सेटिंग रिंग खरंच एसी खोलीतच असते, आजच हलवतो. डिलिव्हरीचं मात्र कोडं सुटत नाही. आमचा माल ९६ टक्के वेळा ठरल्या दिवशी गेटबाहेर पडतो, मग त्यांच्याकडे ८१ कसे? विमान टाळायला गोदामातला साठा किती वाढवावा? सध्या दर आठवड्याला एलसीएलने (इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये) थोडा थोडा माल जातो.

नियोजन_कागल

तुम्ही गेट मोजता, ते गोदामातला साठा मोजतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आजपासून तुमच्या तक्त्यावरही गोदामात पोचल्याचीच तारीख लिहा.

साठ्याचं गणित नीट करून बघू. मागणी आठवड्याला १,२००, तिचं प्रमाण विचलन २०० धरा. ऑर्डर लागल्यापासून गोदामापर्यंत ८ आठवडे, त्यात विचलन १.२ आठवडे. सुरक्षित साठ्यासाठी: ८ गुणिले २०० चा वर्ग, म्हणजे ३,२०,०००, अधिक १,२०० चा वर्ग गुणिले १.२ चा वर्ग, म्हणजे २०,७३,६००. बेरजेचं वर्गमूळ १,५४७. पंचाण्णव टक्के खात्रीसाठी १.६५ ने गुणा: साधारण २,५५० नग.

आता यातला कुठला आकडा जड आहे बघा. ग्राहकाशी भांडून फोरकास्ट सुधारलात, विचलन २०० चं १०० केलंत, तर साठा २,४२० वर येतो. हाती काहीच लागलं नाही. पण पोचण्याच्या वेळेतलं विचलन १.२ वरून ०.६ केलंत तर साठा १,५१० वर येतो. मागणीतले चढउतार सगळ्यांना दिसतात आणि सगळे त्यावरच बोलतात. पैसे मात्र प्रवासाच्या अनियमितपणात अडकलेले असतात.

ती अनियमितता एलसीएलमध्ये सर्वांत जास्त. तुमच्या कंटेनरमध्ये दहा जणांचा माल, त्यातल्या एकाचा कागद अडला की तुमचाही माल सीएफएसमध्ये (कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या गोदामात) बसतो. शिवाय फोर्कलिफ्टची उचलठेव दोन-तीन वेळा जास्त, म्हणजे पिशव्या फाटणार आणि वरची गंजाची गोष्ट पुन्हा सुरू. ३.२ किलोचे १,२०० नग म्हणजे आठवड्याला पावणेचार टन. वीस फुटी कंटेनर २० टनांना भरायला पाच आठवडे लागतील, तेवढं थांबता येणार नाही. म्हणून त्याच ग्राहकाचे बाकीचे पार्ट धरून, किंवा जर्मनीकडे जाणाऱ्या शेजारच्या एका भरवशाच्या कारखान्याबरोबर ठरवून, पंधरवड्याला एक पूर्ण कंटेनर काढा. तो थोडा रिकामा गेला तरी चालेल. विमानभाड्याच्या तुलनेत रिकामी जागा स्वस्त पडते. बुकिंग करताना भाड्यात थोडी बचत म्हणून दोन ठिकाणी जहाज बदलणारा मार्ग घेऊ नका, थेट सेवा घ्या. शिपिंग बिलाचे कागद कंटेनर भरायच्या आदल्या दिवशी तयार हवेत. कट-ऑफ (जहाजासाठी माल देण्याची शेवटची वेळ) चुकला की एक दिवस नाही, पुढच्या जहाजापर्यंत पूर्ण आठवडा जातो. ९६ टक्क्यांबाहेरचे जे ४ टक्के तुम्हाला किरकोळ वाटतात, ते तिकडे आठवड्याचे धक्के होऊन पोचतात.

स्कोअरकार्डवरची एक तूट खोटीही असू शकते. जर्मन ग्राहक शेड्यूल क्युम्युलेटिव्हवर चालवतात: वर्षाच्या सुरुवातीपासून एकूण किती आले. तुमचा क्युम डिस्पॅचचा, त्यांचा पावतीचा. वाटेतला माल, रिजेक्ट होऊन वजा झालेले नग, वर्षाच्या सुरुवातीचा शून्य, यात कुठेतरी फरक पडला की दर आठवड्याला तीच तूट दिसत राहते. दर सोमवारी दोन्ही क्युम आणि वाटेतल्या कंटेनरची यादी एका ओळीत लिहून त्यांच्या प्लॅनरला पाठवा.

आणि सण. गौरी-गणपतीला मोल्डिंगची माणसं गावी जातात, दिवाळीत फौंड्री आठवडाभर बंद. त्या आठवड्याचा खड्डा सात-आठ आठवड्यांनी, नेमका नाताळच्या सुट्टीच्या आगेमागे जर्मनीत पोचतो. जूनपासूनच आठवड्याला ८-१० टक्के जास्त काढून तो खड्डा भरा. तिकडे ऑगस्टमध्ये ग्राहकाची सुट्टी असते, ती शेड्यूलमध्ये आधीच विचारून घ्या.

डेबिटनोट

८डी (तक्रारीवर ग्राहकाला पाठवायचा आठ टप्प्यांचा अहवाल) बद्दल थोडं, कारण पैसे तिथेही जातात. ‘ऑपरेटरला समज दिली’ हे कारण लिहून पाठवलेला ८डी ते परत करतात आणि तुमचं नाव खराब होतं. दोन वेगळे का-का (पुन्हा पुन्हा ‘का’ विचारून मुळाशी जाणं) लावा: दोष झाला का, आणि झालेला दोष आपल्याकडे पकडला का गेला नाही. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं, कारण ते १२,००० नगांशी जोडलेलं आहे. पहिल्या २४ तासांत मूळ कारण मागत नाहीत. वाटेतला, गोदामातला आणि कारखान्यातला माल किती, त्यातला संशयित किती आणि चांगला माल कुठल्या तारखेच्या लेबलपासून सुरू होतो, एवढं मागतात.

करार पुढच्या वेळी नवा होईल तेव्हा दोन कलमं घाला: सॉर्टिंग सुरू करण्याआधी तुम्हाला ठरावीक तासांत कळवलं पाहिजे, आणि एका तक्रारीवरच्या डेबिटला वरची मर्यादा. दर वाढवून मागायची वेळ तेव्हा, स्कोअरकार्ड हिरवं असताना.

सीबीएएमची (युरोपच्या आयात मालावरच्या कार्बन शुल्काची) धास्ती काही जण घेतात. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ नुसत्या अहवालाचा काळ होता, जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू आहे. मूळ यादीत (कस्टम्स कोडप्रमाणे) ७३०७ चे पाइप फिटिंग, ७३१८ चे नटबोल्ट, ७३२६ चे इतर लोखंडी नग आहेत. प्रकरण ८४ मधले पंप-हायड्रॉलिकचे भाग नाहीत. म्हणून तुमच्या नगाचा कोड आणि ग्राहक तिकडे लावतो तो कोड एकच आहे ना, हे लेखी जुळवा. वीज आणि भट्टीत घातलेला कच्चा माल हीटप्रमाणे लिहायची सवय मात्र आत्ताच लावा, ग्राहक मागणार आहेत.

शिरोली_मशीनशॉप

शेवटचा प्रश्न. पॅकिंगमध्ये बदल केले तर ते चालले की नाही हे कळायलाच दोन महिने जाणार. तोवर आंधळेपणाने माल पाठवत राहायचा का?

पॅकिंग_खोली

नाही. दोन गोष्टी करा. प्रत्येक कंटेनरमधला एक बॉक्स, तसाच पॅक केलेला, कारखान्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवा, जिथे दिवसा तापतं आणि रात्री गार होतं. त्यावर कंटेनर नंबर लिहा. दर दहा दिवसांनी एक बॉक्स उघडायचा. उघडलेला बॉक्स पुन्हा बंद करून ठेवायचा नाही. म्हणून पावसाळ्यात एका कंटेनरमागे चार-पाच बॉक्स बाजूला काढा. गंज असला तर तो कंटेनर जहाजावर असतानाच तुम्हाला कळतं, आणि गोदामात पोचायच्या आत तिकडे स्वच्छ करायची व्यवस्था करता येते.

दुसरं, तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा छोटा डेटा लॉगर घ्या, एक पिशवीच्या आत आणि एक कंटेनरच्या छताजवळ. गोदामवाल्याकडून परत मागवा. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवा: छताजवळची आर्द्रता ९० ला गेली आणि पिशवीतली ५० वरच राहिली तर पिशवी बरोबर बंद झाली होती. दोन्ही एकत्र वर गेल्या तर सीलिंगची पट्टी, तापमान आणि फाटलेले कोपरे बघायला सुरुवात करा. पहिला लॉगर जूनच्या पहिल्या कंटेनरमध्येच टाका, पाऊस सुरू व्हायच्या वेळचा तोच.